खिडकी तिथेच का?

मुलांनो, शाळेत येता-जाता तुम्ही रोज कितीतरी घरांसमोरून जाता. त्या घरांचे दरवाजे तुम्हांला आठवतात. कोणाच्या दारात लिंबाचे झाड आहे, कोणाच्या ओट्यावर म्हातारे बाबा बसलेले असतात, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. पण त्या घरांच्या खिडक्या कोठे आहेत, असे कोणी विचारले तर? बहुतेकांना सांगता येणार नाही. काही वर्षांपूर्वी मलाही सांगता आले नसते.

मी शेवगावात मराठी शिकवतो. शेवगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. २०२४ मध्ये नाव बदलण्यापूर्वी या जिल्ह्याला अहमदनगर जिल्हा म्हणत. एकदा मी आठवीच्या वर्गाला ‘माझे घर’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. एका मुलीने लिहिले, ‘आमच्या घराला एकच खिडकी आहे. ती इतकी उंच आहे, की तिच्यातून फक्त कावळा पाहू शकतो.’ मी हे वाक्य वाचून दाखवले. वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने उभे राहून विचारले, “सर, खिडकी बाहेर पाहण्यासाठी असते ना? मग आमची खिडकी तिथे का आहे?”

मला उत्तर देता आले नाही. “पाहून सांगतो,” एवढेच मी म्हणालो.

दोन दिवसांनी तिचे अब्बा मला बाजारात भेटले. ते म्हणाले, “सर, या एकदा घरी. ते घर आम्ही पाडणारच आहोत. पाडण्यापूर्वी पाहून तरी घ्या.”

त्यांचे घर जुन्या गावठाणात होते. घर मातीचे आणि माळवदाचे होते. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. त्याला धाबे असेही म्हणतात. खाली लाकडी खांब असतात. खांबांवर तुळया असतात. तुळयांवर लहान लाकडे, त्यांवर पाला आणि काड्या, आणि सर्वांत वर मातीचा जाड थर असतो. ही माती साधी नसते. जुन्या गावठाणाच्या जागेत सापडणारी पांढरी माती त्यासाठी आणतात. ती चोपून बसवली, की पाणी सहजासहजी आत शिरत नाही. म्हणूनच पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर लोक माळवदावर नवी माती टाकत असत.

ओसरीवर त्या मुलीच्या दादी बसल्या होत्या. मी त्यांना सलाम केला. दादी दखनीत बोलत होत्या. त्यांचे बोलणे मी येथे मराठीत लिहितो आहे.

मी विचारले, “दादी, ही खिडकी एवढी उंच का ठेवली?”

दादी हसल्या. म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही शिकलेले. आधी भिंत पाहा, मग खिडकी पाहा.”

मी भिंत पाहिली. भिंत दोन फुटांहून जाड होती. खिडकी तिच्यात अगदी वर, छपराच्या खाली होती. तिची रुंदी दीड फूट आणि उंची एक फूट असेल. तिला लोखंडी गज होते. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खिडकी बाहेरून लहान आणि आतून मोठी होती. तिच्या कडा आतल्या बाजूने तिरप्या कापलेल्या होत्या आणि खालची कड जमिनीकडे उतरत गेली होती.

दादींनी सांगितले आणि मी विचार केला, तेव्हा एकेक कारण उलगडत गेले.

पहिले कारण आपले हवामान. शेवगावचा भाग अवर्षणाचा आहे. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी जाड मातीची भिंत फार उपयोगी पडते. ती दिवसभर ऊन शोषून घेते, पण ते चटकन आत सोडत नाही. दुपारची उष्णता आतपर्यंत पोहोचायला संध्याकाळ उलटून जाते. त्या वेळी घरातील माणसे बाहेर अंगणात किंवा वर माळवदावर झोपायला गेलेली असतात. म्हणजे भिंत हेच उन्हापासूनचे संरक्षण होते. खिडकी म्हणजे त्या संरक्षणाला पाडलेले भोक. ते जितके मोठे, तितकी गरम हवा आणि धूळ आत येणार. म्हणून खिडकी लहान ठेवली.

दुसरे कारण लाकूड. भिंतीत मोठी मोकळी जागा ठेवली, तर तिच्यावरच्या भिंतीचे ओझे कोणीतरी पेलले पाहिजे. आज आपण तेथे सिमेंट आणि लोखंडाची पट्टी टाकतो. पूर्वी त्यासाठी जाड लाकूड लागे. आपल्या कोरड्या भागात चांगले इमारती लाकूड मिळणे कठीण आणि महाग असे. जे मिळे ते खांबांना आणि तुळयांना लागे. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात. ‘आमचे घर तीन खणांचे’ असे लोक सांगत. घराची श्रीमंती खणांवरून मोजत, खिडक्यांवरून नाही.

तिसरे कारण सुरक्षितता. गल्लीतून चालणाऱ्या माणसाचा हात पोहोचणार नाही, त्याची नजर आत जाणार नाही, इतक्या उंचीवर खिडकी ठेवत. घरात धान्य असे, थोडेफार दागिने असत. घरातील बायका कामात असत. पडदा पाळणाऱ्या घरांना अशी खिडकी सोयीची होती, तशीच ती गावातील इतर घरांनाही सोयीची होती. त्या गल्लीत मी पुढे-मागे फिरून पाहिले. मुसलमानांच्या घरांना आणि हिंदूंच्या घरांना सारखीच उंच खिडकी होती.

आता तिरप्या कडांचे कारण पाहू. जाड भिंतीत सरळ भोक पाडले, तर ते नळीसारखे होते. उजेड समोरच्या एका ठिपक्यावरच पडतो. आतली बाजू रुंद केली, की तोच उजेड खोलीत पसरतो. खालची कड उतरती ठेवली, की तो जमिनीपर्यंत येतो. गवंड्याने प्रकाशाचे शास्त्र पुस्तकात वाचलेले नव्हते. पण त्याला ते माहीत होते. किल्ल्यांच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या अरुंद फटी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना जंग्या म्हणतात. त्याही बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असतात. तेथे हेतू वेगळा असतो. आतल्या सैनिकाला बंदूक इकडेतिकडे वळवता यावी, पण बाहेरच्या शत्रूला आत नेम धरता येऊ नये.

“पण दादी,” मी विचारले, “एवढ्याशा खिडकीने घरात उजेड कसा पडत असेल?”

दादींनी वर बोट दाखवले. “आमची खरी खिडकी वर होती,” त्या म्हणाल्या.

मी वर पाहिले. छपरात फूटभर लांब-रुंद चौकोन दिसत होता. त्याच्यावर पत्रा होता. माळवदातील अशा भोकाला ‘सवणे’ म्हणतात. काही गावांत त्याला ‘साणे’ म्हणतात. तुमच्या भाषेत त्याला रोशनदान म्हणता येईल. रोशनदान या शब्दातच रोशनी आहे.

सवणे हे मोठ्या युक्तीचे काम आहे. भिंतीतील खिडकीला समोरच्या घरामुळे आभाळाचा थोडाच तुकडा दिसतो. सवण्याला मात्र डोक्यावरचे सगळे आभाळ दिसते. म्हणून तेवढ्याच मापाचे सवणे खिडकीपेक्षा कितीतरी जास्त उजेड देते. दुसरे असे, की गरम हवा हलकी असते. ती वर चढते. चुलीचा धूरही वर चढतो. सर्वांत उंच जागी वाट मिळाली, की धूर तेथून निघून जातो आणि खालून ताजी हवा आत येते. पाऊस आला, की माळवदावर चढून सवण्यावर सपाट दगड किंवा घमेले झाकत. पाऊस थांबला, की काढत.

दादी म्हणाल्या, “आमच्या घरात घड्याळ नव्हते. सवण्यातून कवडसा पडायचा. तो चुलीपासून जात्याकडे सरकायचा. जात्याजवळ आला, की जोहरची वेळ झाली म्हणून समजायचे. मे महिन्यात तो सवण्याच्या अगदी खाली पडायचा. थंडीत उत्तरेकडे सरकायचा आणि बारीक व्हायचा.”

दादींचे म्हणणे भूगोलाच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळते. शेवगाव सुमारे १९ अंश २१ कला उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे झुकतो. त्यामुळे कवडसा उत्तरेकडे जातो. सवण्याची कड जाड असल्याने तिरपे ऊन अडते आणि कवडसा बारीक होतो.

मुलांनो, सगळ्याच जुन्या घरांच्या खिडक्या उंच नसतात. काही खिडक्या उलट फार खाली असतात. अहिल्यानगर शहरातील किंवा पैठणमधील जुन्या वाड्यांकडे पाहा. वाड्याच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला खिडक्या थोड्याच असतात. पण वरच्या माडीवर मोठ्या खिडक्या असतात आणि त्या जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होतात. उभे राहून त्यांतून बाहेर पाहायचे, तर आपल्याला वाकावे लागते. हे विचित्र का वाटते? कारण आपण खुर्चीवर बसणारी माणसे झालो आहोत. त्या काळी माणसे गादीवर, लोडाला टेकून बसत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर खिडकी होती. वाऱ्याची झुळूकही बसलेल्या माणसाच्या अंगावर येत असे.

काही खिडक्या घराच्या आतच असतात. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत वर एक खिडकी दिसते. तिच्यातून ना रस्ता दिसतो, ना आभाळ. जुन्या गावठाणात घरे एकमेकांना चिकटून असतात. दोन घरांची भिंत सामाईक असते. तिच्यात खिडकी काढता येत नाही, कारण पलीकडे शेजाऱ्याची खोली असते. मग मधल्या अंधाऱ्या खोलीला उजेड कोठून द्यायचा? पुढच्या खोलीकडून उसना घ्यायचा. आतली खिडकी म्हणजे उसन्या उजेडाची सोय.

कधी भिंतीत चौकट दिसते आणि तिच्यात विटा भरलेल्या असतात. पूर्वी शेजारी मोकळी जागा होती, तेव्हा ती खिडकी होती. पुढे शेजारी घर झाले आणि ती बुजवावी लागली. आतल्या बाजूने तिचा कोनाडा झाला. कोनाड्याला आपण घरी ताक म्हणतो. मराठीत मात्र ताक म्हणजे दह्याचे ताक. तेव्हा मराठीत लिहिताना कोनाडा हाच शब्द वापरा. नाहीतर ‘मी पुस्तक ताकात ठेवले’ असे वाक्य तयार होईल!

भाषेची आणखी एक गंमत सांगतो. खिडकीच्या काचेच्या चौकोनाला मराठीत ‘तावदान’ म्हणतात. हा शब्द फारसीतील ‘ताबदान’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ प्रकाश येण्याची जागा. मराठीत कमानीला ‘महिरप’ असाही शब्द आहे. तो ‘मेहराब’ या शब्दापासून आला. ‘गवाक्ष’ हा शब्द संस्कृतमधून आला. त्याचा अर्थ बैलाचा डोळा. पूर्वीचा लहान गोल झरोका तसाच दिसत असावा. एका खिडकीभोवती इतक्या भाषा जमल्या आहेत.

खिडकीच्या जागेमागे नेहमी ऊन आणि वाराच असतो असे नाही. कधी कायदा असतो. इंग्लंडमध्ये १६९६ साली सरकारने खिडक्यांवर कर बसवला. घराला जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी काय केले? कर वाचवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवल्या. नवी घरे बांधताना खिडक्या कमी ठेवल्या. गरिबांच्या खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट झाल्या. या करामुळे लोकांचे आरोग्य बिघडते, अशी तक्रार डॉक्टर करू लागले. शेवटी १८५१ मध्ये तो कर रद्द झाला. तेथील काही जुन्या घरांवर बुजवलेल्या खिडक्या अजून दिसतात.

कधी खरे कारण लोक विसरतात आणि एखादी गोष्ट तयार होते. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे थंड प्रदेशातील राज्य आहे. तेथील काही जुन्या शेतघरांच्या भिंतीत वरच्या मजल्यावर चक्क तिरपी खिडकी असते. लोक तिला ‘चेटकिणीची खिडकी’ म्हणतात. चेटकीण झाडूवर बसून येते आणि तिला तिरप्या खिडकीतून आत शिरता येत नाही, असे गमतीने सांगतात. खरे कारण साधे आहे. मूळ घराला नंतर एक खोली जोडली. तिच्या उतरत्या छपराने बरीचशी भिंत झाकून गेली. दोन उतरत्या छपरांच्या मध्ये भिंतीची अरुंद, तिरपी पट्टी उरली. तेथे सरळ खिडकी बसेना. नवी खिडकी करण्यापेक्षा असलेलीच तिरपी बसवली. चेटकिणीचा काही संबंध नाही. जागा कमी होती आणि काटकसर करायची होती, एवढेच.

आता पुन्हा शेवगावच्या त्या घराकडे येऊ. मी दादींना विचारले, “सवण्यावर हा पत्रा कोणी टाकला?”

त्या मुलीचे अब्बा म्हणाले, “मीच टाकला, सर. माळवद गळायला लागले. दरवर्षी माती टाकायला माणसे मिळेनात. म्हणून सगळ्या माळवदावर पत्रे टाकले. त्यांच्याखाली सवणे बंद झाले.”

“आणि चूल?”

“गॅस आहे. पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो.”

मी आतल्या भिंती पाहिल्या. वरचा भाग धुराने काळा झाला होता. त्या मुलीच्या अम्मी आतून खोकत होत्या. दादी हळूच म्हणाल्या, “पूर्वी सुनेला एवढा खोकला नव्हता.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की निबंधातील प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ते घर बांधणाऱ्यांनी उजेडाची आणि धुराची व्यवस्था विचार करून केली होती. भिंतीतील लहान खिडकी आणि छपरातील सवणे ही जोडी होती. खिडकीतून हवा येई, सवण्यातून धूर जाई. आपण जोडीतील एक बंद केले आणि दुसरीला नावे ठेवू लागलो. घर तेच राहिले, पण त्याचा श्वास कोंडला.

हा धूर साधा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील अशा धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोक मरण पावले. चुलीजवळ सर्वांत जास्त वेळ आई, बहीण आणि लहान मुले असतात. म्हणून त्रासही त्यांनाच सर्वांत जास्त होतो.

मी म्हणालो, “घर पाडाल तेव्हा पाडा. पण सवणे आधी उघडा.”

त्या मुलीने लगेच विचारले, “सर, त्यापेक्षा भिंतीतच मोठी खिडकी फोडली तर?”

तिचा विचार चांगला होता, पण धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथे बरीच घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदाची होती. भिंती कोसळल्या आणि त्यांच्याबरोबर वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. मातीच्या भिंतीत मनाला येईल तेथे भोक पाडले, तर ती आणखी दुबळी होते. कोपरा तर घराचा सांधा असतो. म्हणून मातीच्या भिंतीत दार-खिडकी बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान १.२ मीटर दूर ठेवावी, असे भूकंपापासून बचावाचे नियम सांगतात. तेव्हा जुनी भिंत फोडण्यापूर्वी जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारलेच पाहिजे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावला. त्याने सवण्याच्या जागी पत्र्याला भोक पाडले. भोकावर चार बाजूंनी मोकळी असलेली पत्र्याची टोपी बसवली. आता पाऊस आत येत नाही आणि धूर बाहेर जातो. काही दिवसांनी मी पुन्हा गेलो. अम्मींचा खोकला एका सवण्याने गेला, असे मी म्हणणार नाही. त्यांनी डॉक्टरांनाही दाखवले होते. पण खोलीत डोळे चुरचुरत नव्हते. मिटत चाललेला उजेड परत आला होता आणि त्या उजेडात ती मुलगी वही घेऊन बसली होती.

वहीत तिने नव्या घराचा नकाशा काढला होता. अब्बांनी तिला सांगितले होते, “खिडक्या कोठे हव्यात ते तू ठरव. सरांना विचार.” मग आम्ही दोघांनी हिशेब केला. तो तुम्हीही शिकून घ्या.

पहिली गोष्ट मापाची. आपल्या देशाच्या इमारत संहितेत उष्ण व कोरड्या हवामानासाठी एक नियम आहे. खोलीच्या जमिनीचे जे क्षेत्रफळ असेल, त्याच्या किमान एक दशांश क्षेत्रफळाच्या खिडक्या असाव्यात. खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद असेल, तर क्षेत्रफळ १२० चौरस फूट झाले. तिला १२ चौरस फुटांची, म्हणजे ४ फूट गुणिले ३ फूट खिडकी हवी. जुन्या घरातील खिडकी दीड चौरस फुटाची होती. तेवढीच खिडकी नव्या, पातळ भिंतींच्या आणि सिमेंटच्या घरात ठेवली, तर घराची भट्टी होईल.

दुसरी गोष्ट दिशेची. पश्चिमेचे ऊन दुपारनंतर तिरपे येते. छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेला मोठी खिडकी नको. पण पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. तेव्हा तेथे लहान खिडकी ठेवावी आणि तिच्या समोरच्या, पूर्वेच्या भिंतीत मोठी ठेवावी. वाऱ्याला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकाच वाटेने तो येत नाही. दक्षिणेची खिडकी आपल्याकडे सोयीची असते. मे-जूनच्या दुपारी सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे ऊन तिच्यातून आत येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र उबदार ऊन आत येते.

तिसरी गोष्ट उंचीची. सिमेंटच्या घरात खिडकीची वरची कड दाराच्या वरच्या कडेबरोबर, म्हणजे सुमारे सात फुटांवर असते. दोन्हींवरून एकच पट्टी जाते, म्हणून गवंड्याला ते सोपे पडते. पण तिच्यावर छपरापर्यंत दोन-तीन फूट जागा उरते. गरम हवा नेमकी तेथेच साठते. म्हणून स्वयंपाकघरात छताजवळ एक रोशनदान ठेवलेच पाहिजे. दादींच्या सवण्याचे ते नातवंडच आहे.

पुढच्या वर्षी त्यांचे नवे घर झाले. पूर्वेच्या भिंतीत मोठी खिडकी आहे. तिच्याखाली ती मुलगी अभ्यासाला बसते. स्वयंपाकघरात वर रोशनदान आहे. गवंडी म्हणाला होता, “कशाला हवे? कबुतरे येतील.” त्या मुलीने जाळी लावायला सांगितली, पण रोशनदान सोडले नाही. जुन्या खिडकीचे गज दादींनी जपून ठेवले आहेत.

मुलांनो, आपल्या आजूबाजूच्या साध्या वस्तू विचार करून बनवलेल्या असतात. एखादी वस्तू विचित्र दिसली, तर हसण्यापूर्वी विचारा, ‘ही अशी का आहे?’ कारण कळले, की ते आजही लागू आहे का, हे पाहा. लागू असेल, तर ती वस्तू जपा. लागू नसेल, तर ती बदला. पण कारण न विचारता काही बुजवू नका आणि काही फोडूही नका. आज घरी गेल्यावर आपल्या खिडकीसमोर उभे राहा आणि घरातील सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, “ही खिडकी इथेच का?”

स्वाध्याय

१. जुन्या घरातील खिडकी लहान आणि उंच ठेवण्याची तीन कारणे लिहा.

२. सवणे बंद केल्यामुळे घरात कोणता फरक पडला?

३. वाड्याच्या माडीवरील खिडक्या जमिनीजवळ का असत?

४. तुमच्या खोलीची आणि तिच्या खिडक्यांची मापे घ्या. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक दशांश भरते का, ते काढा.

५. घरातील मोठ्या माणसांशी बोलून ‘आमची खिडकी’ या विषयावर दहा वाक्ये लिहा.